कॉलेजच्या मुली उद्योगाकडे कशाने वळतात? मराठवाड्यातील विद्यार्थिनी, पालक आणि प्राध्यापकांचे नेहमीचे प्रश्न

मुलींना धंद्याकडे नेमकं काय वळवतं? जिद्द, शिक्षण, की घरची परिस्थिती?

तिन्हींचा वाटा आहे, पण सगळ्यात जास्त जोर असतो तो पहिल्या विक्रीचा. अनोळखी माणसाने आपल्या वस्तूचे रोख पैसे दिले, ते आपल्याच खात्यात आले आणि ते कशावर खर्च करायचे हे आपणच ठरवलं, एवढं एकदा घडलं की मुलगी दुसऱ्या खेपेचा हिशोब मांडायला लागते. मानसशास्त्रात याला स्वक्षमतेची जाणीव म्हणतात. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली ही कल्पना मांडली तेव्हाच ठामपणे सांगितलं होतं, की ही जाणीव सर्वांत पक्की होते ती स्वतः करून पाहिल्याने. दुसऱ्याला करताना पाहणं त्यानंतर येतं, आणि कुणी ‘तू करू शकतेस’ असं सांगणं त्याच्याही नंतर. आपल्याकडे बहुतेक कार्यक्रम नेमके या तिसऱ्यावरच थांबतात.

म्हणजे प्रेरणादायी व्याख्यानं बंद करायची का?

बंद नको, पण वक्ता बदला. मुंबई-पुण्याची कोट्यधीश उद्योजिका पाहून मुली टाळ्या वाजवतात आणि ‘आपलं तसं नाही’ म्हणत घरी जातात. त्यापेक्षा उदगीर, माजलगाव किंवा सेलूसारख्या गावात पाच-सात वर्षं पीठगिरणी, मसाला कांडप किंवा शिवणकाम चालवणारी बाई बोलवा. तिला भाषण करायला लावू नका, हिशोबाची वही घेऊन बसवा. महिन्याची विक्री, अडकलेली उधारी, पहिल्या वर्षीचा तोटा यांवर मुलींना प्रश्न विचारू द्या.

जवळचा नमुना रोज डोळ्यांसमोर असण्याचा परिणाम मोजलेला आहे. पश्चिम बंगालमधील ४९५ गावांच्या अभ्यासात, जिथे आरक्षणामुळे दोन वेळा सरपंचपद स्त्रीकडे आलं तिथे किशोरवयीन मुलामुलींच्या आकांक्षांमधली तफावत ३२ टक्क्यांनी घटली. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच्या लेखकांत नोबेल विजेत्या अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लोही आहेत. आपल्या भागातही दाखला आहेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांमध्ये बायकांनी संवाद सहायक, म्हणजे गावकरी आणि सरकार यांच्यातला दुवा म्हणून घरदुरुस्तीच्या कामावर देखरेख केली, आणि बचत गटांची मोठी चळवळ त्याच पट्ट्यात उभी राहिली.

घरचा पाठिंबा म्हणजे काय? ‘आमची ना नाही’ एवढं पुरत नाही का?

नाही पुरत. पाठिंबा मोजता येतो. पालकांनी चार गोष्टी पाहाव्यात. मुलीचं एकटीच्या नावावर खातं आहे का आणि मोबाइलवरचा पिन तिच्याकडेच आहे का? दिवसाचे सलग दोन तास तिला घरकामातून मोकळे मिळतात का? सामान ठेवायला कुलूप लागणारं कपाट किंवा कोपरा आहे का? आणि तालुक्याच्या गावी ती एकटी जाऊ-येऊ शकते का?

चौथी अडचण सगळ्यात जास्त धंदे मारते. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं भाडं आहे, त्यामुळे तिकिटाचा प्रश्न बराच हलका झाला. उरला तो वेळेचा. गावाकडची शेवटची गाडी सहाला सुटत असेल, तर पाचपर्यंत उरकणारंच गिऱ्हाईक धरा, किंवा माल दुपारच्या गाडीने जाईल अशी सोय करा. गाडी चुकली, रात्र झाली, घरी बोलणी बसली, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा परवानगी मिळत नाही.

एकटीने सुरू करावं की मैत्रिणीबरोबर?

शिकायला मैत्रिणीबरोबर जा. अहमदाबादच्या सेवा बँकेच्या (ही महिलांची सहकारी बँक) खातेदार महिलांना दोन दिवसांचं व्यवसाय प्रशिक्षण दिलं, त्यात काहींना मैत्रीण सोबत आणायला सांगितलं. चार महिन्यांनी पाहिलं तेव्हा मैत्रिणीसह आलेल्यांनी कर्ज घेतलं होतं, धंदा वाढवला होता. एकट्या आलेल्यांत फारसा फरक दिसला नाही. घरच्या बंधनांचा काच ज्यांना जास्त, त्यांना सोबतीचा फायदा जास्त झाला.

धंद्यात भागीदारी मात्र वेगळी गोष्ट आहे. दोघींपेक्षा जास्त जणी नकोत. सुरुवातीलाच कागदावर लिहा: कुणी किती रक्कम घातली, काम कोण कोणतं करणार, नफा कधी वाटायचा, आणि एकीचं लग्न होऊन ती बाहेर पडली तर तिची रक्कम किती महिन्यांत परत करायची. रक्कम मोठी असेल तर हाच मजकूर ५०० रुपयांच्या मुद्रांकावर घ्या. ‘आपल्यात कशाला कागद’ हे वाक्य भागीदारी मोडल्यावर सगळ्यांना आठवतं.

शिकता शिकता काय करता येईल? इथे चालतं काय?

आपल्या जिल्ह्यात जे पिकतं आणि घरात जे आधीच येतं, तिथून सुरुवात स्वस्त पडते. वसमतची हळद, लातूर जिल्ह्यातली बोरसुरी तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच, कास्तीची कोथिंबीर, जालन्याची दगडी ज्वारी आणि मोसंबी, बीडचं सीताफळ, मराठवाड्याचा केसर आंबा यांना भौगोलिक मानांकन, म्हणजे ‘हा माल याच भागाचा’ अशी सरकारी ओळख आहे. फक्त लक्षात ठेवा, लेबलवर मानांकनाचं नाव छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. मोंढ्यातून आणलेली कोणतीही हळद ‘वसमत’ म्हणून विकता येत नाही.

कॉलेजच्या वेळापत्रकात बसणारी कामं म्हणजे येसर, मेतकूट, काळा मसाला, शेंगदाणा चटणी, ज्वारीच्या कडक भाकरी; ब्लाउजवरचं आरी काम; बारीकसारीक दुकानांची जीएसटी आणि बिलांची नोंद; लहान मुलांच्या शिकवण्या; रोपवाटिका. पाणी जास्त लागणारं काम मात्र नीट विचार करून घ्या. एप्रिल-मेमध्ये टँकरवर असलेल्या गावात धुण्या-भिजवण्याचा उद्योग दोन महिने बंद पडतो आणि गिऱ्हाईक तेवढ्यात दुसरीकडे जातं.

आरी कामाबद्दल एक सूचना. दर नगावर सांगू नका, तासावर काढा. एका ब्लाउजला १० तास लागले आणि साहित्य ३०० रुपयांचं गेलं, तर ६०० रुपये घेणं म्हणजे तासाला ३० रुपये. बहुतेक मुली इथेच थकून हे काम सोडतात आणि दोष ‘मार्केट नाही’ याला देतात.

भाव कसा काढायचा? शेजारच्या दुकानाएवढाच लावावा का?

आधी आपला खर्च काढा, दुकानाकडे नंतर बघा. १० किलो शेंगदाण्याच्या चटणीचं उदाहरण घेऊ. भाव गृहीत धरलेले आहेत, तुमच्या मोंढ्यातले घाला.

शेंगदाणे १० किलो, १३० रुपये दराने: १३००
तिखट, लसूण, जिरे, मीठ: ३५०
गॅस: ८०
वीज: ५०
पाऊच आणि लेबल, ५२ नग, ५ रुपये दराने: २६०
आणणं-पोहोचवणं: १५०
दोघींची मजुरी, प्रत्येकी ५ तास, तासाला ६० रुपये: ६००
एकूण: २७९०

भाजून साल काढल्यावर १० किलोचे साधारण सव्वानऊ किलो राहतात. मसाला धरून २०० ग्रॅमचे ५२ पाऊच भरतात. म्हणजे एका पाऊचला ५४ रुपये पडले. मजुरी धरलीच नाही तर आकडा ४२ येतो, आणि चूक होते ती इथे. ४२ ला पडलं म्हणून ५० ला विकायचं ठरतं, ओळखीत विकताना ८ रुपये सुटल्यासारखे वाटतात. मग किराणा दुकानदार म्हणतो, मला छापील किमतीवर २० टक्के हवेत. त्याचे १० वजा केल्यावर हातात ४० येतात, म्हणजे मजुरी फुकट जाऊन वर प्रत्येक पाऊचमागे २ रुपयांचा तोटा. विक्री वाढेल तसा तोटाही वाढतो! छापील किंमत ८० ठेवली तर दुकानदाराचे १६ जाऊन ६४ मिळतात आणि मजुरी निघून १० रुपये उरतात.

८० ला गिऱ्हाईक मिळत नसेल तर भाव पाडू नका. १०० ग्रॅमचा पाऊच काढा, पण त्याचा खर्च पुन्हा मांडा, कारण पाऊच-लेबलचा खर्च दुप्पट होतो.

माल पंधरा दिवसांत खवट होतो किंवा बुरशी धरते. कशामुळे?

बुरशीचं कारण बहुधा ओल. भाजलेले दाणे कोमट असतानाच कुटून भरले की पाऊचमध्ये आतून वाफ धरते. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, हाताला अजिबात उष्ण लागता कामा नये. ओला लसूण थेट कुटला तरी तेच होतं. लसूण आधी सुकवून किंवा कुरकुरीत परतून घ्या. पावसाळ्यात एका वेळी थोडाच माल करा.

खवटपणा येतो तेलाला हवा आणि उजेड लागल्याने. पातळ पारदर्शक पिशवी दिसायला छान, पण दुकानाच्या उन्हातल्या शेल्फवर तीच माल खराब करते. उजेड अडवणारा जाड पाऊच घ्या आणि सील दोनदा दाबून पाहा. काळे, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे भाजण्याआधीच निवडून फेका. बुरशीमुळे तयार होणारं अफ्लाटॉक्सिन भाजल्याने पूर्ण जात नाही.

प्रत्येक खेपेतला एक पाऊच तारीख घालून घरात ठेवा आणि आठवड्याला वास घ्या. ‘किती दिवसांत वापरावे’ हा आकडा दुसऱ्याच्या पाकिटावरून उतरवायचा नसतो.

परवाने कोणते लागतात?

खाण्याचा पदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवीच. छोट्या उत्पादकाच्या साध्या नोंदणीला वर्षाला १०० रुपये शुल्क असून अर्ज फॉसकॉस संकेतस्थळावर होतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर होते आणि पूर्ण मोफत आहे. तिचे हजार-दोन हजार मागणारी संकेतस्थळं दलालांची असतात. फक्त वस्तूंची विक्री असेल तर साधारणपणे वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवांसाठी २० लाखांपर्यंत जीएसटी लागत नाही, पण ऑनलाइन बाजारपेठेतून परराज्यात माल पाठवायचा विचार असेल तर कर सल्लागाराला आधीच विचारा, तिथे या मर्यादेचा आधार सहसा मिळत नाही.

पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, उत्पादनाची तारीख, वापराची मुदत, शाकाहारी चिन्ह, नोंदणी क्रमांक आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. पत्ता आणि नंबर घरचाच छापावा लागतो म्हणून मुली कचरतात. वेगळं सिमकार्ड घेऊन तो नंबर फक्त धंद्यासाठी ठेवणं हा सोपा उपाय.

माझं वय १७ आहे. सुरू करू शकते का?

विक्री करा, शिका, वही ठेवा. १० वर्षांवरील मुलांना स्वतः चालवता येईल असं बचत खातं बँका देऊ शकतात, ते उघडा. कर्ज आणि करार मात्र १८ पूर्ण झाल्यावरच. त्याआधी केलेला करार कायद्याने टिकत नाही.

कर्ज आणि अनुदान कुठून मिळतं?

आधी एक गोष्ट: पहिल्या २०-२५ हजारांसाठी कर्ज काढू नका. पाच-सहा महिन्यांची विक्री खात्यावर दिसली की मग बँकेत जा. तेव्हा बोलणंच वेगळं होतं.

मुद्रा कर्ज विनातारण असतं: शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत. यात अनुदान नाही.

अन्नप्रक्रियेसाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना सगळ्यात सोयीची. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान. किमान १० टक्के रक्कम स्वतःची लागते. समजा भाजणी यंत्र, पल्व्हरायझर (दळण यंत्र) आणि सीलिंग यंत्र मिळून ३ लाखांचा प्रकल्प आहे, तर ३० हजार तुमचे, २ लाख ७० हजार कर्ज, आणि १ लाख ५ हजार अनुदान. अर्ज कृषी विभागामार्फत होतो आणि अहवाल तयार करायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करते, तेव्हा त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. बचत गटातल्या सदस्यांना प्रत्येकी ४० हजारांपर्यंत बीज भांडवलाचीही तरतूद आहे.

इतर उद्योगांसाठी पंतप्रधान आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. दोन्हींत महिलांना ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरी भागात २५ टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा ५ टक्के. मराठा समाजातील मुलींसाठी अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची योजना आहे. आधीच नोंदणी झालेल्या, विक्री १० लाखांच्या पुढे गेलेल्या महिला स्टार्टअपसाठी राज्याची पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर योजना १ ते २५ लाखांचं साहाय्य देते, पण ती पहिल्या पायरीवरच्या मुलीची योजना नाही. अर्ज करण्याआधी योजना चालू आहे का आणि जिल्ह्याचा त्या वर्षीचा लक्ष्यांक शिल्लक आहे का, हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

अनुदान मंजूर झालं तरी हातात का येत नाही?

कारण ते हातात द्यायचंच नसतं. रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदान बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकवलं जातं, आणि उद्योग चालू असल्याची पाहणी झाली की कर्जखात्यात वळतं होतं. हे माहीत नसल्याने अनेक घरं ‘३५ टक्के आत्ताच मिळतील’ या हिशोबावर उधार-उसनवार करतात. दुसरी चूक मंजुरीच्या आधीच यंत्र विकत घेण्याची. योजना नव्या प्रकल्पासाठी असल्याने मग अर्जच बाद होऊ शकतो.

बँक नाही का म्हणते?

तोंडी कारण काहीही असो, मागे बहुधा तीन गोष्टी असतात. अहवाल सायबर कॅफेतून उतरवलेला असतो आणि ‘महिन्याला किती पाऊच?’ या पहिल्याच प्रश्नाला मुलीकडे उत्तर नसतं. कोटेशनमधली यंत्राची किंमत बाजारापेक्षा जास्त दिसते. किंवा व्यवस्थापकाला वाटतं, ही शिकतेय, उद्या लग्न होऊन जाईल, हप्ता कोण भरेल? तिसऱ्यावर उपाय म्हणजे खात्याचा उतारा, दोन-तीन दुकानदारांच्या लेखी ऑर्डर आणि कॉलेजच्या वेळेत काम कोण पाहणार याचं स्पष्ट उत्तर. सूक्ष्म उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. मुलीच्या नावावर जमीन-घर क्वचितच असतं, म्हणून हा नियम पाठ असू द्या. नकार आला तर लेखी मागा आणि तो घेऊन जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय पाहणाऱ्या बँकेच्या) व्यवस्थापकाकडे जा.

महिला म्हणून सवलत मिळते, तर कर्ज माझ्या नावावर घेऊन भावाने दुकान चालवलं तर?

करू नका. हप्ता थकला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, तुमचा बिघडतो, आणि अशा योजनेचा लाभ बहुधा एकदाच मिळत असल्याने तुमचा मार्ग पुढे बंद होतो. भारत, श्रीलंका आणि घाना इथल्या आकडेवारीवर २०१९ साली आलेल्या संशोधनाने हेच दाखवलं: बायकांच्या उद्योगात भांडवलाचा परतावा कमी दिसतो, कारण ते भांडवल बऱ्याचदा नवऱ्याच्या धंद्यात जातं. बाईला धंदा जमत नाही हा समज त्यातूनच पसरतो.

लग्न ठरलं तर सगळं वाया जाणार नाही का?

जागेला बांधलेला धंदा अडकतो, हाताला बांधलेला बरोबर जातो. शिवणयंत्र, आरीची फ्रेम, लॅपटॉप, छोटं सीलिंग यंत्र टेम्पोत बसतं. पत्र्याचं शेड बसत नाही. म्हणून पहिल्या दोन वर्षांत बांधकामावर पैसे घालू नका. उद्यम नोंदणीत पत्ता बदलता येतो, एफएसएसएआय नोंदणी मात्र जागेची असल्याने नव्या पत्त्यावर नवी काढावी लागते. नाव बदलायचंच असेल तर आधार, पॅन आणि खातं एकाच वेळी बदला, नाहीतर पैसे अडकतात. आणि बैठकीत शिक्षण-नोकरी सांगतात तसा धंद्याचा महिन्याचा आकडाही सांगावा. लपवला की नंतर तो ‘छंद’ ठरतो.

कॉलेजने काय करावं?

खरेदी करावी. स्नेहसंमेलनाचा अल्पोपाहार, पाहुण्यांच्या भेटवस्तू, प्रयोगशाळेचे ॲप्रन, क्रीडा स्पर्धेचे बॅज यांतली एखादी ऑर्डर विद्यार्थिनींना द्यावी, तीही तीन कोटेशन मागवून आणि बिल घेऊन. पैसे पंधरा दिवसांत द्यावेत. तीन महिने बिल अडकवलं तर शिकवलेलं सगळं उलटं फिरतं. उद्योजकता कक्षाचे वर्ग दुपारी ठेवावेत, चार-सहाच्या वेळेत गावाकडच्या मुली येऊच शकत नाहीत.

प्रशिक्षण निवडताना फक्त हिशोब आणि मार्केटिंगचा अभ्यासक्रम नको. टोगो देशात १५०० छोट्या उद्योजकांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पुढाकार घेणं, अडचणीवर स्वतः वाट काढणं यांवर भर दिलेल्या प्रशिक्षणाने नफा ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या व्यवसाय प्रशिक्षणाचा परिणाम ठोसपणे दिसला नाही.

मोफत प्रशिक्षण आणि सल्ला कुठे?

महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरातच आहे. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जिल्ह्याच्या अग्रणी बँका चालवतात; राहणं-जेवण-शिकणं मोफत. पंचायत समितीत उमेदचा, म्हणजे बचत गटांचं काम पाहणाऱ्या राज्याच्या अभियानाचा तालुका कक्ष असतो, मात्र गट बहुधा लग्न झालेल्या बायकांना पसंती देतात, त्यामुळे तरुण मुलींनी वेगळा गट काढण्याबद्दल विचारावं. तंत्रज्ञानाशी संबंधित कल्पना असेल तर संभाजीनगरचं मॅजिक हे नव्या उद्योगांना उभं राहायला मदत करणारं इनक्युबेशन केंद्र पाहा, आणि धान्य-प्रक्रियेच्या तांत्रिक शंकांसाठी परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ.

गावात उधारी मागतात. नाही म्हटलं तर काकू-मावशी रागावतात.

‘सोयाबीन आलं की देते’ हे खोटं नसतं. गावात रोख खेळते ती दिवाळीच्या आसपास, आणि पुढे तूर बाजारात गेल्यावर. जून ते सप्टेंबर हात आखडलेले असतात. त्या चार महिन्यांत माल तालुक्याच्या किंवा शहरातल्या दुकानांना द्या, गावात लहान पाकीट रोखीनेच विका. उधारीची एकूण मर्यादा एका खेपेच्या कच्च्या मालाएवढी ठेवा. वरच्या उदाहरणात ती साधारण १६५० रुपये येते. एका घराला एकच पाकीट उधार, त्याचे पैसे आल्याशिवाय दुसरं नाही. वही सगळ्यांसमोर उघडी ठेवून तारखेसह लिहा, आणि मागायला आईला पाठवू नका, स्वतः जा.